विज्ञानकथा : वाचलेली आणि पाहिलेली

२३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्रावर उतरले. बेंगळुरू येथील इस्रोच्या नियंत्रण केंद्रातून दूरचित्रवाणीवर दिसत होते ते प्रामुख्याने आलेख आणि आकडे. तरीही कोट्यवधी प्रेक्षकांनी श्वास रोखून धरला. कारण घटत जाणाऱ्या वेगाचा अर्थ त्यांना उमगत होता.

विज्ञानकथेचे मर्मही या अर्थबोधातच आहे. फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्न यांनी १८६५ साली चंद्रप्रवासाची कादंबरी प्रसिद्ध केली. तोफेतून सुटणाऱ्या यानाला सेकंदाला सुमारे ११ किलोमीटर वेग लागेल, असा हिशेब तीत मांडला आहे. आजचे विज्ञानही जवळपास तोच आकडा सांगते. १९०२ मध्ये जॉर्ज मेलिएस यांनी अशाच कल्पनेवर मूकपट काढला. त्यात यान चंद्राच्या डोळ्यात घुसते! दृश्य अविस्मरणीय आहे. हिशेब मात्र तेथे नाही.

पडद्याचे सामर्थ्य नाकारता येणार नाही. अक्षरओळख नसलेल्यालाही तो विश्वदर्शन घडवतो. परंतु दृश्य आपल्यासाठी थांबत नाही. वाचक मात्र थांबतो, मागचे पान उलटतो आणि ‘हे शक्य आहे का?’ असे विचारतो. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांनी मराठीत विज्ञानकथा लिहिल्या, त्या याच जिज्ञासेला चालना देण्यासाठी.

म्हणून विज्ञानपट अवश्य पाहावेत. पण विज्ञानकथा आधी वाचावी. ज्याला कथेतील विज्ञान पारखता येते, तो पांढरा कोट घातलेल्या जाहिरातीलाही पुरावा मागतो. साक्षरतेचे खरे फळ तेच होय.