नटाची पासष्टी

दुपारची जेवणे आटोपून ओटा स्वच्छ झाला, की आमच्या मुलुंडच्या घरात तासाभराचे स्वस्थपण येते. त्या वेळी सौ. आणि दोन्ही सुना आदल्या रात्री चुकलेला मालिकेचा भाग टीव्हीवर पुन्हा लागतो तो पाहतात. आम्ही शेजारी वर्तमानपत्र उघडून बसतो व आपले तिकडे लक्ष नसल्याचे दाखवितो. परवा पडद्यावर एक वृद्ध नटी सुनेस उपदेश करीत होती. तो ऐकता ऐकता आमची धाकटी सून म्हणाली, "मामंजी, ह्या बाई ह्या वयात रोज रोज कशा हो काम करीत असतील?" प्रश्न साधा होता, परंतु आम्हांस तत्काळ उत्तर सुचले नाही. म्हणून या महिन्याचे टिपण त्या प्रश्नासाठीच राखून ठेवले आहे.

दुपारच्या ह्या मालिकांचे मूळ अमेरिकेत आहे. तेथे १९३० च्या सुमारास साबण विकणाऱ्या कंपन्यांनी गृहिणींसाठी रेडिओवर अशा कथामाला चालविल्या, आणि त्यांस साबणाचेच नाव चिकटले. आपल्याकडे १९८४ साली 'हम लोग'ने लोकांस मालिकेची गोडी लावली. १९९४ मध्ये 'शांती' ही मालिका दूरदर्शनवर भर दुपारी सुरू झाली व मंदिरा बेदी हे नाव घरोघर पोहोचले. पुढे मराठीत 'दामिनी' आली. तीतील निर्भीड पत्रकार झालेल्या प्रतीक्षा लोणकर ह्यांच्यासाठी दुपारचा चहा लांबणीवर टाकणाऱ्या भगिनी आमच्या आळीत पुष्कळ होत्या.

घरबसल्या दिसणारी ही करमणूक घडते कशी, ते पाहिले पाहिजे. गोरेगावची चित्रनगरी १९७७ सालची. ती, मढचे बंगले आणि घोडबंदरचा रस्ता हा ह्या धंद्याचा मुलूख. जाहिराती वगळता वीस-बावीस मिनिटांचा एक भाग. पण त्यासाठी नट बारा बारा तास राबतो. नाटकास महिना महिना तालीम असते. येथे पुष्कळदा सकाळी कागद हाती येतो आणि दुपारपर्यंत तो मुखोद्गत लागतो. वेतन महिन्याचे नव्हे, रोजाचे. आणि तेही नव्वद दिवसांनी हाती पडावे अशी ह्या धंद्याची रूढी. कथेत पात्र मेले, की नटाचा रोज बंद! आम्हां शिक्षकांस निवृत्तिवेतन तरी आहे. नटास तेही नाही.

आता एका नटीचे चरित्र सांगतो. आशालता वाबगावकर ह्यांचा जन्म १९४१ साली गोव्यात झाला. १९६४ मध्ये दि गोवा हिंदु असोसिएशनने वसंत कानेटकरांचे 'मत्स्यगंधा' रंगभूमीवर आणले. त्यास संगीत जितेंद्र अभिषेकींचे, आणि सत्यवती ह्या आशालताबाई. त्या सुरांची आठवण काढणारे वृद्ध रसिक आजही भेटतात. पुढे बासू चतर्जींच्या 'अपने पराये'पासून त्या हिंदी चित्रपटांत गेल्या. 'उंबरठा', 'अंकुश' इत्यादी शंभराहून अधिक चित्रपटांत त्यांनी कामे केली. त्यांनी 'गर्द सभोवती' हे आत्मकथनही लिहिले. नायिकेची आई, मग सासू, मग आजी अशी पायरी पायरीने त्यांची वाट मालिकांपर्यंत आली.

मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीने सारी चित्रीकरणे थांबली. मेच्या अखेरीस सरकारने ती सुरू करण्याची नियमावली काढली, तीत पासष्ट वर्षांवरील कोणीही चित्रीकरणाच्या जागी येऊ नये अशी अट होती. हेतू त्यांच्या रक्षणाचाच होता. परंतु मालिकेतील आजी-आजोबांचे काम करणाऱ्यांनी खावे काय? सत्तरीच्या एका नटाने न्यायालयाचे दार ठोठावले. ७ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती अट रद्द केली. पासष्टीपुढचा दुकानदार दुकान उघडू शकतो, मग नटानेच घरी का बसावे, असा तो न्याय होता.

त्यानंतर दीड महिना लोटला. आशालताबाई 'आई माझी काळूबाई' ह्या मालिकेच्या चित्रीकरणासाठी सातारा जिल्ह्यात गेल्या होत्या. तेथे साथीने तळ गाठला, अनेकांस बाधा झाली. २२ सप्टेंबर २०२० रोजी साताऱ्यास वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी त्यांचे देहावसान झाले. मालिका पुढे चालू राहिली.

मग सरकारचेच खरे होते काय? आम्ही ह्यावर पुष्कळ विचार केला. कारण आम्ही स्वतः पासष्टी गाठली आहे. निवृत्तीनंतर संस्कृत शिकविण्याच्या इच्छेने आम्ही एका शिकवणीवर्गात गेलो असता, "गुरुजी, आता विश्रांती घ्या," असे गोड शब्दांत सांगून आम्हांस परत पाठविण्यात आले. त्या गोड शब्दांनी त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही. म्हणून न्यायालयाचा निर्णय आम्हांस आजही योग्यच वाटतो. आशालताबाई त्या वयात कामाला पोटासाठी गेल्या की कलेच्या ओढीने, हे ठरविण्याचा अधिकार आपणांस नाही.

तथापि दार उघडले म्हणजे कर्तव्य संपले, असे नव्हे. वृद्धास कामावर बोलाविणाऱ्याने त्याचे तास कमी करावे, तळावर वैद्य ठेवावा, विमा आधी उतरवावा आणि घामाचा पैसा तीन महिने अडकवून ठेवू नये. बंदी घालणे सोपे, मोकळीक देणेही सोपे. ह्या दोहोंमधील काळजी मात्र कष्टाची व खर्चाची असते. तीच त्या वेळी पुरेशी झाली नाही.

आपण प्रेक्षकही अगदी निर्दोष नाही. नाट्यशास्त्राच्या अखेरीस भरतपुत्रांस ऋषींचा शाप मिळाल्याची कथा आहे. नाट्य पूज्य, पण नट पंक्तीबाहेर, हा आपला फार जुना व्यवहार. आपल्यासारख्या घरांतूनच मुलीस नाटकात जाण्यास बंदी होती, आणि नाटकाचे तिकीट मात्र आधी काढले जात असे!

सुनेस आम्ही उत्तर दिले ते इतकेच: "सूनबाई, त्या कशा काम करतात हे त्यांचे त्यांस ठाऊक. आपण त्यांचे खरे नाव तरी लक्षात ठेवू." तेव्हापासून आमच्या घरी भाग संपल्यावर संच लगेच बंद होत नाही. नटमंडळींची नावे फार झरझर सरकतात. चष्मा लावून ती वाचण्याचे काम सुनांनी आमच्याकडे सोपविले आहे.