माफी तर मागितली, पण चूक पकडणार कोण? अमेरिकेतला घरांचा बाजार आणि वर्णभेद

नोव्हेंबर 2020. अमेरिकेतल्या प्रॉपर्टी एजंटांची सर्वांत मोठी संघटना म्हणजे नॅशनल असोसिएशन ऑफ रिअल्टर्स. तिचे तेव्हाचे अध्यक्ष चार्ली ऑपलर यांनी जाहीर माफी मागितली. कृष्णवर्णीयांना चांगल्या वस्त्यांपासून दूर ठेवण्यात संघटनेचा हात होता, याची ही कबुली होती. घरांबाबतच्या भेदभावावर बंदी घालणारा फेअर हाउसिंग ॲक्ट 1968 चा, आणि त्या वेळी याच संघटनेने त्याला विरोध केला होता. म्हणजे माफी यायला 52 वर्षं लागली.

माफी नेमकी कशाबद्दल?

1924 मध्ये संघटनेच्या आचारसंहितेत एक कलम आलं. ज्यांच्या येण्याने वस्तीतल्या घरांच्या किमती पडतील, अशा वंशाच्या किंवा राष्ट्रीयत्वाच्या लोकांना तिथे घर मिळवून देऊ नये, असा त्याचा आशय होता. म्हणजे भेदभाव करणं हेच एजंटाचं नैतिक कर्तव्य! 1950 मध्ये वंशाचा उल्लेख काढला गेला, पण सवय तशीच राहिली.

'आम्ही तर सरकारचे नियम पाळत होतो' असा बचाव नेहमी केला जातो. त्यात अर्धंच सत्य आहे. 1930 च्या दशकात सरकारी यंत्रणेने शहरांचे नकाशे बनवले आणि कृष्णवर्णीय वस्त्या 'धोकादायक' म्हणून लाल रंगात दाखवल्या. पण ती माहिती पुरवणाऱ्यांत स्थानिक एजंट आणि कर्ज देणारेच होते. गृहकर्जाला सरकारी हमी कुणाला द्यायची, याची नियमावली ज्या फ्रेडरिक बॅबकॉक यांच्या देखरेखीखाली तयार झाली, तेही याच व्यवसायातून आले होते. थोडक्यात, धंद्यातला समजच सरकारी नियम झाला.

आणि त्यावर कमाईही झाली. 'आता तुमच्या गल्लीत काळे लोक येणार' अशी भीती घालून गोऱ्यांची घरं स्वस्तात घ्यायची आणि तीच कृष्णवर्णीयांना चढ्या भावाने विकायची. या प्रकाराला 'ब्लॉकबस्टिंग' म्हणतात.

हा सगळा इतिहास झाला का?

नाही. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडचंच उदाहरण घ्या. इथलं लेविटाउन 1947 पासून उभं राहिलं. 17,000 हून जास्त घरं, पण सुरुवातीच्या करारांत गोऱ्यांशिवाय इतरांना तिथे राहायला मनाई होती. याच लाँग आयलंडवर 'न्यूजडे' या वृत्तपत्राने तीन वर्षं छुपी पडताळणी केली आणि नोव्हेंबर 2019 मध्ये ती छापली. सारखीच आर्थिक स्थिती सांगणारे दोन ग्राहक एकाच एजंटाकडे पाठवले, एक गोरा आणि एक अल्पसंख्याक. अशा 86 जोड्यांच्या चाचण्या झाल्या. कृष्णवर्णीयांना 49 टक्के, हिस्पॅनिकांना 39 टक्के आणि आशियाईंना 19 टक्के चाचण्यांत वेगळी वागणूक मिळाली.

आशियाईंचा आकडा अमेरिकेत घर शोधणाऱ्या मराठी कुटुंबांनीही लक्षात ठेवावा असा आहे.

यात कुणी तोंडावर 'घर देणार नाही' म्हणत नाही. गोऱ्याला थेट घर दाखवलं जातं, दुसऱ्याला आधी बँकेचं पत्र आणायला सांगितलं जातं. किंवा गोड बोलून वेगळ्याच भागाची यादी हातात दिली जाते. शेजारी बसून तुलना करता आली, तरच हे कळतं. एकट्या ग्राहकाला पत्ताही लागत नाही.

ऑनलाइनही तेच. घरांच्या जाहिराती कुणाला दाखवायच्या हे ठरवण्यात भेदभाव होतो, असा आरोप अमेरिकी सरकारने फेसबुकवर केला. 2022 मध्ये तडजोड झाली. मेटाने यंत्रणा बदलायचं मान्य केलं आणि दंड भरला 1,15,054 डॉलर. कायद्यात तेव्हा तेवढीच कमाल तरतूद होती. त्या वर्षी कंपनीचं उत्पन्न 116 अब्ज डॉलरहून जास्त होतं.

फरक किती पडतो?

अमेरिकेत मध्यमवर्गाची बचत मुख्यतः घरात असते. आई-वडिलांच्या घराची किंमत वाढली की मुलांचं कॉलेज निघतं. ज्यांना 1950 मध्ये घरच घेऊ दिलं नाही, त्यांच्या नातवंडांकडे ती शिडी नाही. फेडरल रिझर्व्हच्या 2022 च्या पाहणीत गोऱ्या कुटुंबाची मध्यक संपत्ती 2,85,000 डॉलर होती, कृष्णवर्णीय कुटुंबाची 44,900 डॉलर.

मग उद्योगाने काय करायचं?

संघटनेने एजंटांसाठी 'फेअरहेवन' नावाचं ऑनलाइन प्रशिक्षण आणलं. त्यात काल्पनिक गावात घरं विकताना भेदभाव ओळखायला शिकवतात. वाईट नाही. पण ज्याला कळतं आणि तरी करतो, त्याला प्रशिक्षण काय शिकवणार? तो सापडतो फक्त छुप्या पडताळणीत. ती प्रामुख्याने स्वयंसेवी संस्था करतात, आणि त्यातल्या अनेकांचं सरकारी अनुदान ट्रम्प प्रशासनाने फेब्रुवारी 2025 मध्ये थांबवलं. वाद कोर्टात गेला.

त्यामुळे आता प्रश्न कमिशन कमावणाऱ्यांकडेच येतो. आपल्याच एजंटांना पकडणाऱ्या चाचण्यांचा खर्च ते उचलतील का, आणि पकडलेल्याचं लायसन्स जाऊ देतील का?