आधी दोरा, मग विमान

दिवाळीच्या सुट्टीत डहाणूचा एक नववीतला मुलगा मला मोठ्या उत्साहाने म्हणाला, "सर, मी जगाची सफर केली. वीस राजधान्या पाहिल्या!" ही सफर त्याने संगणकावर, फ्लाइट सिम्युलेटरमध्ये केली होती. मी विचारले, "दिल्लीहून कैरोला निघताना विमानाचे तोंड कोणत्या दिशेला होते?" तो गोंधळला. दिशा यंत्राला ठाऊक होती. विमान ऑटोपायलटवर सोपवून, वेळ सोळापट वेगाने पळवून हा पठ्ठ्या जेवायला गेला होता. हात धुऊन परतला तो कैरो आलेले!

या खेळाला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. वैमानिकांना शिकवण्यासाठी एडविन लिंकने १९२९ साली जमिनीवरचे नकली विमान बनवले, तेव्हापासून अशी साधने उपयोगी ठरली आहेत. माझे म्हणणे एवढेच, की मार्ग यंत्राला विचारण्यापूर्वी तो आपण काढावा. तसे केले नाही तर ती सफर नव्हे, चित्रपट झाला.

एक उदाहरण घ्या. डहाणूचा अक्षांश सुमारे २० अंश उत्तर. मेक्सिकोची राजधानी मेक्सिको सिटी हिचा अक्षांशही जवळजवळ तेवढाच, १९.४ अंश. मग डहाणूहून तिकडे जायचे तर कोणत्या दिशेने निघाल? तलासरीच्या एका शाळेत मी हे विचारले, तेव्हा भिंतीवरचा नकाशा पाहून साऱ्या वर्गाने पश्चिमेला, अरबी समुद्राकडे बोट दाखवले. मग आम्ही पृथ्वीगोल घेतला आणि दोन्ही ठिकाणी टोके धरून दोरा ताणला. दोरा समुद्राकडे गेलाच नाही! तो घसरत घसरत उत्तरेला गेला आणि मध्य आशिया, रशिया, ग्रीनलंड, कॅनडा असा वळसा घेऊन मेक्सिकोत पोहोचला. वर्गात एकच गलका झाला.

दोरा खोटे बोलत नाही. पृथ्वीच्या केंद्रातून जाणाऱ्या पातळीने तिचा पृष्ठभाग छेदला की बृहद्‌वृत्त मिळते, आणि गोलावरचा सर्वांत जवळचा मार्ग त्यावरूनच जातो. विषुववृत्त हे बृहद्‌वृत्त आहे. २० अंशांचे अक्षवृत्त नाही. त्या अक्षवृत्तालगत सरळ पश्चिमेला गेलात तर सुमारे १८,००० किलोमीटर पडतात, दोऱ्याच्या वाटेने सुमारे १५,५००. निघताना विमानाचे तोंड उत्तरेपासून पश्चिमेकडे अवघे १२ अंश वळवावे लागते.

आता वारा. ताशी २०० किलोमीटर वेगाच्या लहान विमानाला बाजूने ताशी २० किलोमीटरचा वारा लागला, तर दोन तासांत ते ४० किलोमीटर भरकटते. वेगांची बेरीज सदिश पद्धतीने करायची हे तुम्ही पुढे अकरावीत शिकाल. पण तीच आकृती सिम्युलेटरवर बसून आत्ताही काढता येते.

आपल्याच डहाणू तालुक्यातील बोर्डीच्या आरोही पंडित यांनी मे २०१९ मध्ये एकाच इंजिनाच्या हलक्या विमानातून, एकटीने, स्कॉटलंडमधून आइसलंड आणि ग्रीनलंडमार्गे कॅनडा गाठून अटलांटिक ओलांडला. ऑक्टोबर २०२१ मध्ये जे. आर. डी. टाटांच्या १९३२ सालच्या टपाल-उड्डाणाच्या स्मरणार्थ त्या भुजहून अहमदाबादमार्गे जुहूला आल्या, त्याही जीपीएसची मदत न घेता. सोय हाताशी असताना ती बाजूला ठेवून केलेले हे दुसरे उड्डाण मला शिक्षक म्हणून पहिल्याइतकेच मोलाचे वाटते.

काही शिक्षक मित्र म्हणतात, गणित आणले की मुलांची गंमत जाते. माझा अनुभव उलटा आहे. तलासरीच्या त्या वर्गात एकही संगणक नव्हता, आणि तरी मधल्या सुट्टीत दोरा कोणी परत देईना. जिथे चाळीस मुलांत एकच संगणक आहे, तिथे चार मुलांनी विमान चालवावे आणि बाकीच्यांनी कागदावर दिशा, अंतर, वेळ काढून त्यांना मार्ग सांगावा. वेळ पळवायची कळ मात्र गुरुजींच्या ताब्यात!

पहिला मुक्काम मी सुचवतो: वेलिंग्टनहून सांतियागो. दोरा ताणा आणि तो दक्षिणेकडे किती अंश सरकतो ते मोजा. विमान नंतर सुरू करा.