सात स्त्रिया आणि त्रेपन्न वर्षे

१८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत सात मुस्लिम स्त्रियांचा एक मोर्चा विधिमंडळावर गेला. हमीद दलवाई या मोर्चाचे सूत्रधार. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व यांना कायद्याने पायबंद घाला, हे त्यांचे मागणे होते. ते मान्य झाले नाही. कारण ठरलेले : धर्मात हस्तक्षेप नको!

कोणत्या धर्मात? कुराणाच्या दुसऱ्या सूऱ्यात तलाक दोनदा सांगितला आहे. त्यानंतर पत्नीला सन्मानाने ठेवावे किंवा सौजन्याने निरोप द्यावा. चौथ्या सूऱ्यात दोन्ही घरांतील एकेक मध्यस्थ नेमण्यास सांगितले आहे. एका दमात तीनदा तलाक उच्चारण्याला खुद्द इस्लामी धर्मशास्त्रच ‘तलाक-ए-बिद्दत’ म्हणते. बिद्दत म्हणजे मुळात नसलेली, मागाहून आलेली रीत. हनफी शास्त्री तिला पाप मानतात आणि तरीही बंधनकारक ठरवतात! पाप पुरुषाचे, प्रायश्चित्त मात्र स्त्रीला!

इजिप्तने १९२९ मध्येच असे तीन तलाक एकच मानले. पाकिस्तानने १९६१ मध्ये लेखी सूचना आणि ९० दिवसांची मुदत सक्तीची केली. तेथे इस्लाम धोक्यात आला नाही. तो धोक्यात आला केवळ ‘धर्मनिरपेक्ष’ भारतात!

१९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इंदूरच्या वृद्ध शाहबानोची पोटगी कायम केली. रक्कम किती? दरमहा १७९ रुपये २० पैसे. तेवढ्यानेही मतपेढी हादरली आणि १९८६ मध्ये राजीव गांधी सरकारने तो निकाल निष्प्रभ करणारा कायदा केला. त्याच्या निषेधार्थ मंत्रिपद सोडले ते आरिफ मोहम्मद खान यांनी. आमचे पुरोगामी विचारवंत तेव्हा कोणत्या मोर्चात होते?

दलवाई हिंदुत्ववादी नव्हते. निखळ इहवादी होते. १९७० मध्ये त्यांनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले आणि १९७७ मध्ये ते गेले. इहवादाचा जप करणाऱ्या राजकारणाने या इहवाद्यालाच एकाकी झुंजू दिले.

अखेर २०१७ मध्ये न्यायालयाने ही रीत रद्द केली आणि २०१९ मध्ये संसदेने तिला गुन्हा ठरवले. त्या सात जणींच्या मोर्चानंतर त्रेपन्न वर्षांनी! मात्र बहुपत्नीत्व रोखणारा देशव्यापी कायदा मुस्लिम स्त्रीला अजूनही मिळालेला नाही. त्यासाठी तिने आणखी त्रेपन्न वर्षे वाट पाहावी काय?