सोळावर अजून एक पत्ता?

शीर्षक वाचून रेक्टर सरांनी भुवया उंचावू नयेत. ही जुगाराची जाहिरात नाही. माझं म्हणणं एवढंच की ब्लॅकजॅकची बेसिक स्ट्रॅटेजी हॉस्टेलमधल्या प्रत्येकाला यायला हवी. "पत्ते खेळताना आढळल्यास कारवाई" या नोटिशीपेक्षा तो तक्ता बोर्डावर लावला तर निदान पोरं वाचतील तरी.

खेळ काही थांबलेला नाही. दिवाळीत घरी तीन पत्ती, हॉस्टेलवर रमी, लास्ट इयरला गोवा ट्रिप. महाराष्ट्राने १९७६ साली कॅसिनोचा कायदा केला, तो कधी अमलात आलाच नाही, शेवटी २०२३ मध्ये रद्द झाला. पण जासईहून पळस्पे फाटा गाठला की पुढचा हायवे गोव्याचाच, आणि तिथे मांडवीत कॅसिनोची जहाजं उभी आहेत. (आत जायला २१ वर्षं पूर्ण लागतात, एस.ई.वाल्यांनी उगाच बॅग भरू नये.) मोबाइलवर पैसे लावून खेळायच्या खेळांवर केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून बंदी आणली. त्याआधी कोणाकोणाचे मेसचे पैसे त्यात गेले, हे आपल्याला माहीत आहे आणि घरच्यांना माहीत नाही.

आता खेळ. पत्त्यांची बेरीज २१ च्या जवळ न्यायची, पुढे गेलात की बाद. डीलरला स्वतःचं डोकं चालवायची मुभा नाही: १६ पर्यंत पत्ता घ्यायचा, १७ ला थांबायचं. त्याचा एक पत्ता उघडा असतो. म्हणजे "माझी बेरीज अमुक, त्याचा पत्ता तमुक, मग काय करू?" याचं गणिती उत्तर निघतं. हे उत्तर १९५६ साली बाल्डविन, कँटी, मेसेल आणि मॅकडरमॉट या अमेरिकन सैन्यातल्या चौघांनी छापलं, तेही टेबलावरच्या आकडेमोडीच्या यंत्रांवर. नंतर एडवर्ड थॉर्पने आयबीएम ७०४ वर ते आणखी बारकाईने काढलं. आपण इथे साइंटिफिक कॅल्सी घरी विसरलो तर पेपर सोडून देतो!

तक्ता फार मोठा नाही. एक्क्यांची आणि अठ्ठ्यांची जोडी फोडायची, दश्शांची कधीच नाही. डीलरचा ४, ५ किंवा ६ उघडा असेल तर १२ वरसुद्धा गप बसायचं, कारण तो स्वतःच बाद व्हायची शक्यता बरी असते. पण खरा फंडा १६ विरुद्ध १० मध्ये आहे. थांबलात तर डीलर बाद झाला तरच जिंकाल, म्हणजे शंभरात साधारण २३ वेळा. पत्ता घेतलात तर तेरातले आठ पत्ते तुम्हाला बाद करतात. दोन्हीकडे शंभर रुपयांमागे सरासरी ५४ च्या आसपास जातात, पत्ता घेतल्यावर किंचित कमी. तक्ता म्हणतो, घ्या. जिंकायला नव्हे, कमी हरायला. हे एकदा डोक्यात शिरलं की "आज माझा दिवस आहे" म्हणणाऱ्या रूममेटची कीव येते.

इन्शुरन्स हा प्रकार तर एम-फोरच्या पेपरात यावा. डीलरचा एक्का दिसला की विचारतात, खाली दहाचा पत्ता निघेल यावर पैसे लावणार? निघाला तर दुप्पट. तेरा वेळा शंभर लावले तर सरासरी चारदा ८०० मिळतात आणि नऊदा ९०० जातात. नाव मात्र विम्याचं.

सगळं बिनचूक खेळलं तरी चांगल्या नियमांच्या टेबलावर कॅसिनोकडे साधारण अर्धा टक्का उरतोच. अर्धाच ना, असं बाकी कुठे म्हणतील. जासईत टक्क्याची किंमत सांगायला नको. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात इथे आणि नव्हा शेव्याजवळ पाच जण गोळीबारात गेले, तेव्हा कुठे साडेबारा टक्के विकसित जमिनीचं तत्त्व मान्य झालं.

पाचशेचा एक असे तासाला साठ डाव धरले तर तीस हजारांची उलाढाल होते, आणि अर्ध्या टक्क्याने दीडशे रुपये जातात. पण त्या तासाचं स्टँडर्ड डेव्हिएशन साडेचार हजारांच्या घरात येतं. दीडशेचा तोटा त्या चढउतारात दिसतच नाही. म्हणून ट्रिपहून आलेला एखादा तीन हजार जिंकून येतो, पार्टी देतो, आणि अख्ख्या विंगला वाटतं की जमतं. हरलेले पाच जण बसमध्ये झोपेचं सोंग घेतात. रेक्टर सरांच्या नोटिशीत हे समीकरण नसतं, म्हणून ती कोणी मनावर घेत नाही.

कोणीतरी "२१" सिनेमा काढून पत्ते मोजायचं म्हणेलच. मोजता येतात, थॉर्पने १९६२ मध्ये पुस्तकच लिहिलं. पण मोजणाऱ्याला कॅसिनो टेबलावर बसू देत नाही, आणि सतत पिसणारी मशीन आली की मोजण्यात अर्थ उरत नाही. शिवाय जो व्हायवाला स्वतःचा रोल नंबर चुकतो, त्याने सहा कॅट मोजायच्या!

तेव्हा मॅथ्स डिपार्टमेंटला विनंती, प्रोबॅबिलिटीच्या चॅप्टरला एक दुपार द्या. तक्ता फळ्यावर काढा, दोनशे डाव खेळवा, प्रत्येकाचा ग्राफ काढून घ्या. पत्ते आम्ही आणतो. लावायला चिंचोके चालतील.