चिखलदऱ्याच्या ट्रकला हीटर हवा की नको?

विद्यार्थी मित्रांनो, वऱ्हाडातला उन्हाळा कसा असतो हे तुम्हांला सांगायला नको. अकोल्याचा पारा मे महिन्यात 45 अंशांच्याही वर जातो. पण याच वऱ्हाडात, मेळघाटच्या डोंगरावर, समुद्रसपाटीपासून सुमारे 1,100 मीटर उंचीवर चिखलदरा आहे. तिथे कॉफीची झाडे वाढतात आणि हिवाळ्यातल्या एखाद्या पहाटे पारा 5 अंशांच्या आसपास उतरतो.

आता अशी कल्पना करा, की लष्कराने लिलावात काढलेला एक जुना डिझेल ट्रक कोणी परतवाड्याला आणला आणि तो चिखलदऱ्याच्या घाटात माल वाहू लागला. इंजिनात हवा शिरते त्या वाटेवर, म्हणजे इनलेट मॅनिफोल्डमध्ये, एक हीटर बसवलेला आहे. मिस्त्री म्हणतो, "हे बरफातल्या गाड्याईचं काम आहे. आपल्या इथं काय कामाचं? फेका काढून." मालक म्हणतो, "कंपनीनं लावलं ते काय उगीच लावलं? राहू द्या."

कोणाचे बरोबर? माझ्या मते दोघांचेही म्हणणे अर्धवट आहे. एकाने शेजारच्या गाडीकडे पाहून ठरवले, दुसऱ्याने कंपनीच्या नावाकडे पाहून. हीटर नेमके काय काम करतो, हे दोघांनीही विचारलेले नाही. ते आपण विचारू या.

ठिणगीवाचून आग

पेट्रोलच्या इंजिनात इंधन पेटवायला विजेची ठिणगी लागते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दट्ट्या सिलिंडरमधली हवा जोराने दाबतो, दाबलेली हवा तापते आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा सोडला की तो आपोआप पेटतो. सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने बंद करून दांडा दहा-वीस वेळा जोरात मारा. पंपाचे टोक गरम लागेल. त्यातली काही उष्णता घर्षणाची असते, पण बरीचशी हवा दाबल्यामुळे आलेली असते.

रुडॉल्फ डिझेल याने या तत्त्वावरचे इंजिन 1897 साली जर्मनीतील ऑग्सबुर्ग येथील कारखान्यात यशस्वी करून दाखवले. तोच कारखाना पुढे 'मान' या कंपनीचा भाग झाला, आणि त्याच कंपनीच्या परवान्याने 1959 पासून जबलपूरला आपल्या लष्करासाठी 'शक्तिमान' ट्रक तयार होऊ लागले.

आता थोडे गणित करू. हवा मूळ आकारमानाच्या सतराव्या हिश्शाएवढी दाबली, तर तिचे केल्विन मापातले तपमान सुमारे 2.7 पट होते असे धरू. सेल्सिअसमध्ये 273 मिळवले की केल्विन मिळते. चिखलदऱ्याच्या पहाटेची 5 अंशांची हवा म्हणजे 278 केल्विन. ती दाबल्यावर सुमारे 750 केल्विन, म्हणजे 475 अंश सेल्सिअसच्या घरात जाते. अकोल्याची 40 अंशांची हवा 570 अंशांच्या आसपास पोहोचते. लेहची उणे 20 अंशांची हवासुद्धा 410 अंशांपर्यंत जाते. डिझेल पेटायला 250 अंशांच्या आतबाहेर तपमान पुरते. मग लेहमध्येही हीटर नकोच, नाही का?

येथेच कागदावरचे गणित आणि लोखंडाचे इंजिन यांत फरक पडतो. दाबताना हवेतली उष्णता मुळीच बाहेर जात नाही, असे आपण गृहीत धरले. प्रत्यक्षात रात्रभर गारठलेल्या सिलिंडरच्या भिंती ती उष्णता शोषून घेतात. थंडीने तेल घट्ट होते, बॅटरीचा जोर कमी होतो, त्यामुळे सेल्फ मारला तरी इंजिन संथ फिरते. संथ फिरले की उष्णता निसटायला जास्त वेळ मिळतो, आणि दट्ट्याच्या रिंगांजवळून थोडी हवाही निसटते. म्हणून प्रत्यक्ष तपमान कागदावरच्या आकड्यापेक्षा पुष्कळच खाली राहते. लेहमध्ये ते पुरेसे नसते. अकोल्यात भरपूर असते. चिखलदऱ्यात? ते इंजिनाच्या प्रकृतीवर अवलंबून असते.

हीटरची युक्ती आता ध्यानात येईल. आत शिरणारी हवा 25 अंशांनी तापवली, तर आपल्या गणिताप्रमाणे दाबल्यानंतरचे तपमान सुमारे 67 अंशांनी वाढते. प्रत्यक्षात वाढ यापेक्षा कमी असते, पण पेटणे आणि न पेटणे यांतला फरक तेवढ्यानेही पडू शकतो.

हे हीटर मुख्यतः दोन प्रकारचे असतात. एकात विजेने तापणारी पट्टी किंवा जाळी असते. दुसऱ्यात मॅनिफोल्डमध्येच थोडे इंधन जाळून ज्योत करतात. अमेरिकेच्या लष्करातील एम-35 या जातीच्या ट्रकांपैकी अनेक प्रकारचे इंधन चालणाऱ्या इंजिनांवर असा ज्योतीचा हीटर असे, आणि मॅसी फर्ग्युसन 135 या ट्रॅक्टरच्या पर्किन्स इंजिनावरही त्याच तत्त्वाचा छोटा 'थर्मोस्टार्ट' असे. तेव्हा ही वस्तू केवळ बर्फातली नव्हे. शेतातल्या यंत्रावरही ती होती.

काढण्याच्या बाजूने

मिस्त्रीच्या म्हणण्यात तथ्य आहे, हे आधी मान्य करू. समजा, विजेचा हीटर 2,000 वॅटचा आणि गाडी 24 व्होल्टची आहे. भागाकार करा: सुमारे 83 अँपिअर प्रवाह! घरातल्या 60 वॅटच्या दिव्याला 230 व्होल्टवर पाव अँपिअरच्या आसपास प्रवाह लागतो. एवढा मोठा प्रवाह नेणारी तार जुनी होऊन तिचे आवरण फाटले आणि ती गाडीच्या अंगाला टेकली, तर आग लागायला वेळ लागत नाही. ज्योतीच्या हीटरला इंधनाची वेगळी नळी असते. जुन्या नळीतून गरम इंजिनावर थेंब थेंब गळती झाली, तर तोही आगीचाच धोका. हीटरची जळकी पट्टी तुटून तिचा तुकडा सिलिंडरमध्ये ओढला गेला, तर दट्ट्या आणि झडप दोन्ही जायबंदी होतात. मोडका हीटर तसाच ठेवणे म्हणजे सावधपणा नव्हे.

ठेवण्याच्या बाजूने

पण मालकाचेही थोडे ऐका. हीटरचे काम गाडी सुरू झाली की संपते असे नाही. थंड इंजिन सुरू झाल्यावर पहिली काही मिनिटे पांढरा धूर सोडते. त्यात न जळलेल्या डिझेलचे बारीक कण असतात. हेच डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरचा तेलाचा पातळ थर धुऊन टाकते आणि झीज वाढवते. हवा गरम असली तर धूर लवकर थांबतो.

शिवाय चिखलदऱ्याच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे 12 टक्के कमी असतो. सिलिंडरमध्ये हवा कमी भरली, की थंड भिंती तिला अधिक लवकर गार करतात. आणखी एक गंमत: निरभ्र रात्री थंड, जड हवा उतारावरून खाली ओघळून खोलगट जागी साठते. तेव्हा दरीत उभा केलेला ट्रक कधी कधी पठारावरच्या ट्रकपेक्षाही जास्त गारठतो. 'चिखलदऱ्याचे तपमान' वर्तमानपत्रात वाचून भागणार नाही, ते ट्रकपाशी मोजले पाहिजे.

हीटर सगळी थंडी पळवतो असेही नाही. फार थंडीत डिझेलमधले मेण गोठून नळ्या आणि फिल्टर तुंबतात. त्यावर हा हीटर काहीच करू शकत नाही. म्हणून तर इंडियन ऑइलने 2019 साली लडाखसाठी उणे 33 अंशांपर्यंत वाहते राहणारे खास डिझेल आणले.

माझे मत

माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट या दोघांच्याही नजरेतून सुटली आहे. ती अशी, की हीटर इंजिनाचा आजार झाकतो. रिंगा झिजल्या, फवारा सोडणारे नोझल बिघडले, बॅटरी कमजोर झाली, तरी हीटरच्या आधारावर गाडी सकाळी सुरू होत राहते आणि दुखणे आत वाढत जाते. 5 अंशांच्या थंडीत निरोगी, थेट फवाऱ्याचे डिझेल इंजिन हीटरवाचून सुरू व्हायला हवे. होत नसेल, तर हीटर काढायचा की ठेवायचा हा प्रश्न बाजूला ठेवून आधी इंजिन तपासायला हवे.

म्हणून माझी सूचना अशी: हीटर लगेच काढू नका, जोडणी तोडा. जाणकार मेकॅनिककडून विजेची तार बॅटरीच्या बाजूने सोडवून घ्या. ज्योतीचा हीटर असेल तर इंधनाची नळी जिथून निघते तिथेच नीट बंद करून घ्या. नळी नुसती वाकवून ठेवणे धोक्याचे आहे, कारण तिथून गळती होऊ शकते किंवा इंधनात हवा शिरू शकते. मग एक पूर्ण हिवाळा वहीत तीन गोष्टी लिहा: ट्रकपाशी पहाटेचे तपमान, सेल्फ किती सेकंद मारावा लागला, आणि पांढरा धूर किती मिनिटे टिकला. वहीतले आकडे समाधानकारक असतील, तर पुढच्या वर्षी हीटर खुशाल काढा. त्याच्या जागी गॅस्केट घालून पट्टी घट्ट बसवा. तिथे फट राहिली, तर घाटातली धूळ एअर फिल्टर चुकवून थेट सिलिंडरमध्ये जाईल, आणि न लागणारा भाग काढण्याच्या नादात इंजिन गमवावे लागेल. काढलेला हीटर भंगारात देऊ नका. गाडी उद्या थंड मुलखात विकली गेली तर नव्या मालकाला तो लागेल.

दोन इशारे. हीटर जोडलेला असताना ईथरचा फवारा मारून गाडी सुरू करण्याचा प्रयत्न कधीही करू नका, स्फोट होऊ शकतो. आणि हे सारे जुन्या, साध्या यांत्रिक इंजिनांपुरतेच आहे. आजच्या संगणकनियंत्रित गाड्यांत एक भाग सोडवला, की दुसऱ्या दहा भागांना मिळणारी माहिती चुकते.

शिक्षकांना एक विनंती. वायूचे नियम शिकवताना फळ्यावर सूत्र लिहून थांबू नका. 475 अंशांचे उत्तर आले, तरी थंडीतला ट्रक का सुरू होत नाही, हे मुलांना विचारा. सूत्रात काय गृहीत धरले आहे, हे त्यांचे त्यांनाच सापडेल.

आणि मित्रांनो, तुमच्या गावात जुना ट्रक नसेल, पण ट्रॅक्टर नक्कीच असेल. येत्या डिसेंबरपासून एक तपमापक, एक घड्याळ आणि एक वही घ्या. ट्रॅक्टरवाल्या काकांची परवानगी काढा, फिरत्या आणि गरम भागांपासून लांब उभे राहा, आणि रोज सकाळचे आकडे मांडत जा. जानेवारीअखेर त्यांचा आलेख काढा. गारठा वाढत जातो तसतसे सेल्फचे सेकंद कसे वाढतात, ते त्यात दिसेल. एखाद्या दिवशी थंडी तेवढीच असून सेकंद अचानक वाढलेले दिसले, तर काकांना सांगा, की बॅटरी आणि नोझल एकदा तपासून घ्या.