सहृदयतेचा धडा आणि दोन मिनिटांचा दवाखाना

डॉक्टरांनी रुग्णाशी आपुलकीने बोलावे, त्याला धीर द्यावा, हा विषय २०१९ पासून एम.बी.बी.एस.च्या अभ्यासक्रमात रीतसर दाखल झाला आहे. वृत्ती, नीती आणि संवाद यांचे पाठ विद्यार्थ्याला आता घ्यावेच लागतात. या सुधारणेचे स्वागत केले पाहिजे. परंतु डॉक्टरांच्या जिभेवर साखर ठेवली की सरकारी आरोग्यसेवेचा कडवटपणा जाईल, अशी जर शासनकर्त्यांची समजूत असेल, तर तिला आमचा विरोध आहे.

वर्धा जिल्ह्याला सहृदयतेचा धडा नवा नाही. कुष्ठरोगाने पीडित परचुरे शास्त्रींना गांधीजींनी सेवाग्राम आश्रमात ठेवून घेतले आणि स्वतः त्यांची शुश्रूषा केली. त्याच सेवाग्रामात १९६९ साली डॉ. सुशीला नायर यांनी वैद्यकीय महाविद्यालय उभारले. तेथील विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते, त्या गावात मुक्काम करते, नेमून दिलेल्या कुटुंबांशी संबंध ठेवते. घरावर कर्ज किती आणि चूल कशावर पेटते हे ज्याने पाहिले, त्यालाच "जिवाले बरं नाही वाटत" या वऱ्हाडी वाक्याचा अर्थ लागतो. सहृदयता सहवासातून येते, ती केवळ व्याख्यानातून येत नाही.

हाच डॉक्टर प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू होतो तेव्हा काय घडते? निकषानुसार एका केंद्रामागे ३० हजार लोकसंख्या असते. चार तासांत शंभर रुग्ण आले, तर प्रत्येकाच्या वाट्याला अडीच मिनिटेही येत नाहीत. 'बीएमजे ओपन' या नियतकालिकाने २०१७ साली ६७ देशांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यानुसार प्राथमिक सेवेतील डॉक्टर स्वीडनमध्ये एका रुग्णाला साडेबावीस मिनिटे देतो, तर भारतात दोन मिनिटांच्या आसपास. दोन मिनिटांत गोळ्या लिहून होतात. परंतु जगणे नकोसे झालेला शेतकरी दोन मिनिटांत बोलता होत नाही. आत्महत्यांमुळे २००६ च्या पंतप्रधान पॅकेजमध्ये समाविष्ट झालेल्या सहा जिल्ह्यांत वर्धा होता, याचा विसर पडू नये.

गोड शब्दाला पैसे पडत नाहीत, असे म्हणतात. अर्थशास्त्र याच्या उलट सांगते. ऐकायला वेळ लागतो आणि वेळ हवा असेल तर पदे भरावी लागतात. सार्वजनिक आरोग्यखर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे अभिवचन २०१७ च्या आरोग्य धोरणाने दिले होते. ते वर्ष उलटले, अभिवचन कागदावरच राहिले. औषधाचे कपाट रिकामे ठेवून "सारे ठीक होईल" असे सांगायला लावणे म्हणजे आशा देणे नव्हे. ती गरिबांची फसवणूक आहे, आणि डॉक्टरांचीही.

म्हणून प्रशिक्षण हवेच, पण ते गावात, आणि परिचारिका व मानधनावर राबणाऱ्या आशाताईंनाही सामावून घेणारे हवे. त्याच्या जोडीला भरलेली पदे, कायम नोकरी आणि पुरेशी औषधे हवीत. कार्यकर्त्यांनी येत्या ग्रामसभेत आपल्या केंद्रातील रिक्त पदांचा आणि औषधसाठ्याचा हिशेब मागावा. सहृदयता आधी शासनाने दाखवावी. डॉक्टरांकडून तिची अपेक्षा धरण्याचा अधिकार त्याला मग मिळेल.